सातानंतर एकदम पंधरा कसे?

प्रश्न : काका, मी देवगड तालुक्यातला. डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी विजयदुर्गच्या खाडीत भरती-ओहोटी मोजणारा फ्लोट बसवलाय. पाणी हलू नये म्हणून तो भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात आहे. दर २० सेंमीला ७४एचसी१९३ काउंटर एक आकडा वर किंवा खाली सरकतो. अरदुइनो उनो हा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड चार पिनांवरून तो वाचतो. पण भरतीत ७ चा ८ होताना कधी ११, कधी १५ येतात. ओहोटीत ८ चा ७ होताना ४ किंवा ०. लगेच पुढचा आकडा बरोबर! सगळे म्हणतात, खाऱ्या हवेनं जोडण्या गंजल्या. बदलल्या, फरक नाही.

उत्तर : जोडण्या आता उकलू नका. रोग तुमच्या या चार आकड्यांतच दिसतोय.

बायनरीत ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००. चारही बिटं, म्हणजे ०-१ चे अंक, एका दमात पालटतात. तुम्ही मात्र ती एकामागून एक वाचताय, तीही खालच्या बिटापासून. दर पिनेला काही मायक्रोसेकंद जातात. खालची तीन वाचून झाली, १-१-१. तेवढ्यात काउंटर सरकला आणि वरचं बिट नवं मिळालं. झाले ११११, म्हणजे १५. दोनच वाचून झाल्यावर सरकला तर १०११, म्हणजे ११. ओहोटीचे ४ आणि ० असेच येतात. वरच्या बिटापासून वाचलं असतंत, तर भरतीतच ० दिसला असता.

रत्नागिरीत एका बर्फ कारखान्यात लाद्या मोजणाऱ्या काउंटरनं मला असंच तीन रात्री जागवलं होतं. १२७ नंतर थेट २५५! मीही आधी स्पिरिटनं कनेक्टरच पुसले. आपल्याकडे खारी हवा पहिली संशयित असते, आणि बहुतेक वेळा ती खरीच गुन्हेगार असते. इथे नाही.

चारही तारा ८ ते ११ या पिनांवर घ्या. त्या एकाच पोर्टच्या, म्हणजे पिनांच्या एकाच गटाच्या, पोर्ट बीच्या आहेत. त्या गटाची स्थिती दाखवणारं पिनबी रजिस्टर एकदाच वाचलं की चारही बिटं एका क्षणाची मिळतात. तरी ऐन पालटण्याच्या क्षणी गाठ पडू शकते, म्हणून लागोपाठ दोनदा वाचा आणि दोन्ही आकडे जुळले तरच घ्या. भरतीला घाई नसते.

आता त्या ऐन क्षणाबद्दल. फ्लिप-फ्लॉप म्हणजे एक बिट धरून ठेवणारं सर्किट. त्याला क्लॉकच्या, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या सिग्नलच्या, ठोक्याआधी आणि नंतर थोडा वेळ इनपुट स्थिर लागतो. त्यांना सेटअप आणि होल्ड टाइम म्हणतात. दाभोळच्या फेरीबोटीत चढताना एक पाय धक्क्यावर, एक बोटीवर असतानाच बोट हलली तर जे होईल, तेच त्याचं होतं : आउटपुट ० आणि १ च्या मध्ये लटकतो. ही मेटास्टेबिलिटी. चेनी आणि मोलनार या संशोधकांनी १९७३ साली ती ऑसिलोस्कोपवर दाखवली, तोवर अनेक जाणकार ती मानायलाच तयार नव्हते. उपाय म्हणजे ओळीनं दोन फ्लिप-फ्लॉप. पहिल्याला सावरायला एक पूर्ण ठोका मिळतो. १६ मेगाहर्ट्‌झला तो ६२.५ नॅनोसेकंदांचा. उनोच्या चिपमध्ये दर पिनेला असा सिंक्रोनायझर आधीच आहे. पण तो एकेक तार सांभाळतो. चार तारांनी एकाच वेळचं सांगावं, हे त्याच्या हातात नाही.

पुढे एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जोडता येणाऱ्या चिपवर, हेच कराल तेव्हा ग्रे कोड ही आकडे लिहायची वेगळी पद्धत वापरा. त्यात ७ म्हणजे ०१००, ८ म्हणजे ११००. एकच बिट बदलतं. चुकलंच तर जुना आकडा मिळेल, नाहीतर नवा. भलता कधीच नाही. मात्र ग्रे केलेला आकडा तारेवर सोडण्याआधी रजिस्टरमध्ये धरा.

आणि हो, तुमचा काउंटर १५ नंतर ० वर येतो, म्हणजे हाताशी ३ मीटरच आहेत. अमावास्येच्या उधाणाआधी पाइपाची उंची एकदा तपासून घ्या.