जीवाश्म जमवताय? कपाटाआधी वही घ्या

पहिला अमोनाइट (गुंडाळीसारख्या वळलेल्या समुद्री शंखाचा जीवाश्म) हाती लागल्यावर काय वाटतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण लगेच काचेच्या कपाटामागे लागू नका. आधी एक वही घ्या.

जीवाश्माचं मोल त्याच्या नोंदीत असतं: नेमकी जागा, खडकाचा थर, तारीख, कोणाकडून मिळाला. नमुन्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या, त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहा. तोच क्रमांक वहीत आणि चिठ्ठीवर. 'नंतर लिहू' म्हणत मी सुरुवातीचे सात-आठ नमुने तसेच डब्यात टाकले. ते कुठले, हे आज मला सांगता येत नाही. ती हळहळ अजून जात नाही.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- साफ करायला व्हिनेगरमध्ये बुडवणं. चुनखडीतले शंख-शिंपले बहुधा कॅल्साइटचेच, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचे असतात, खडकाबरोबर तेही विरघळतात. मऊ ब्रश आणि लाकडी काडी पुरे.
- वार्निश फासणं. चकाकी येते, बारकावे बुजतात.
- पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) सोनेरी नमुने दमट जागी ठेवणं. पांढरट-पिवळी भुकटी दिसली की ते आतून फुटू लागलेत समजा. हवाबंद डबीत ओल शोषणारं सिलिका जेल घालून वेगळे ठेवा.
- न विचारता खोदणं. जमीन कोणाची, तिथला कायदा काय, हे आधी कळायला हवं.

विकत घेताना स्वस्त आणि अगदी अखंड ट्रायलोबाइट (खंडाखंडाच्या कवचाचा नामशेष समुद्री प्राणी) दिसला तर थांबा. मोरोक्कोतून येणाऱ्या मालात साच्यात ओतून बनवलेले नकलीही असतात. भिंगाखाली हवेचे बुडबुडे शोधा.

मांडताना मोजकेच नमुने ठेवा आणि उजेड बाजूने तिरका पाडा. अमोनाइटचे कंगोरे लगेच उठून दिसतील.