कॅव्हेलियर घरी आणण्याआधी

घरात आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील आणि कुत्रा आणायचा असेल, तर कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची निवड चांगली आहे. साधारण साडेपाच ते आठ किलोचा, मांडीवर येऊन बसणारा, अनोळखी पाहुण्यापुढेही शेपटी हलवणारा जीव. राखणीची अपेक्षा मात्र ठेवू नका. एकटेपणा त्याला सोसत नाही. घर दिवसभर बंद राहणार असेल तर आणूच नका.

माझं खरं सांगणं हृदयाबद्दल आहे. या जातीत मायट्रल झडपेचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या एका झडपेचा, आजार फार आढळतो, तोही कमी वयात. म्हणून पिल्लाच्या डोळ्यांवर भाळण्याआधी त्याच्या आई-वडिलांच्या हृदयतपासणीचे अहवाल मागा. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडिया, कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था) कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. ब्रीडर, म्हणजे पिल्लं पैदा करून विकणारा, टाळाटाळ करू लागला तर तिथून सरळ निघा. पुढे दरवर्षी डॉक्टरांकडून हृदयाचे ठोके तपासून घ्या. सारखी मान खाजवत असेल तर तेही सांगा, कवटी-मणक्याचा त्रास असू शकतो. गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, वापरा.

लांब कान पुसून कोरडे ठेवा. खाण्याची हाव मोठी असते, तेव्हा बिस्किटं मोजूनच. द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको. आणि उन्हाळ्यात फिरायला ऊन चढायच्या आत न्या.