फॉल-पिको स्वतः करायचं की शेजारणीला द्यायचं?

कराडच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या घरी ब्लाउज शिवतात आणि साड्यांना फॉल-पिकोही करून देतात. सीझनला महिन्याला ६०च्या आसपास साड्या येतात. शेजारची एक मुलगी साडीमागे ५० रुपये घेऊन हे काम करायला तयार आहे. ताई लिहितात, "ती एका साडीला तास लावते. मी पाऊण तासात उरकते आणि माझं काम जास्त सफाईदार असतं. मग महिन्याला ३,००० रुपये तिला कशाला द्यायचे? त्यापेक्षा १ लाखाची एफडी मोडते आणि ४० हजारांत पिको-इंटरलॉकच्या नव्या मशीन घेते. पैसे आपलेच आहेत, व्याजाची भानगड नाही."

ताई, पत्रात तुम्ही एक ओळ ओझरती लिहून गेला आहात: "दिवाळी आणि लगीनसराईत वेळच नसतो, पंधरा-वीस ब्लाउज न घेताच परत पाठवावे लागतात." माझं उत्तर त्याच ओळीत आहे.

आकडे तुमचेच घेतो. अस्तराच्या ब्लाउजचे तुम्ही ४०० रुपये घेता. अस्तर, हुक, दोरा यांचे ८० गेले की ३२० हातात राहतात आणि कटिंगपासून हुकापर्यंत दोन तास जातात. म्हणजे तासाला १६० रुपये. साडीचे १०० घेता, फॉल आणि दोऱ्याचे ३० जाऊन ७० उरतात, तेही पाऊण तास बसून. आता हीच साडी शेजारणीला दिली तर तिचे ५० देऊन तुमच्याकडे २० उरतात. शिवाय पाऊण तास मोकळा होतो. त्या वेळात ब्लाउजचं काम केलंत तर १२० रुपये येतात. झाले १४०. स्वतः केलं तर ७०. तिचे ५० वाचवायला तुम्ही १२० रुपये सोडून देताय. हे १२० कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. घरी बसून काम करणाऱ्या बायकांच्या हिशेबात दोऱ्याचं रीळ असतं, हुकांचं पाकीट असतं, स्वतःचा वेळ तेवढा फुकट धरलेला असतो. दरवेळी हे पाहिलं की मला वाईट वाटतं.

राहिला तुमचा मुद्दा, की हे काम तुम्हाला तिच्यापेक्षा चांगलं जमतं. जमतंच. पण डेव्हिड रिकार्डो या अर्थतज्ज्ञाने १८१७ साली नेमकं असंच उदाहरण मांडलं होतं. समजा, ठरावीक वाइन करायला पोर्तुगालला वर्षभर ८० माणसं लागतात आणि ठरावीक कापड विणायला ९०. तेवढ्याच वाइनला इंग्लंडला १२० माणसं लागतात आणि तेवढ्याच कापडाला १००. दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस. तरीही पोर्तुगालने वाइन करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, यात दोघांचा फायदा आहे, असं त्याने दाखवलं. कारण कापडासाठी माणसं गुंतवली की पोर्तुगालची वाइन बुडते, आणि तिथे तर त्याचा हात सगळ्यात जास्त चालतो. तुमची वाइन म्हणजे ब्लाउजचं कटिंग. कटोरीचं माप चुकलं तर कापड वाया जातं. ती जोखीम गावातली बाई तुमच्यावर टाकते, शेजारणीवर टाकणार नाही.

आता मशीनबद्दल. उत्तर लिहिण्याआधी आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका काकूंकडे जाऊन बसलो. पिको त्यांनी बघता बघता मारला, फॉलची खालची कडही मशीनवर झाली. मग साडी मांडीवर घेऊन वरची कड हाताने घालायला लागल्या. सुईच्या टोकाने साडीचा एखाद-दुसरा धागाच उचलायचा, म्हणजे सुलट बाजूने टाका दिसत नाही. वेळ सगळा तिथे गेला. तुमची जुनी मशीन चालू आहे. नवीन घेतली तरी साडीमागे चार-पाच मिनिटंच वाचतील, हातशिलाई तशीच राहील. आणि "व्याजाची भानगड नाही" हेही खरं नाही. एफडीवर ७ टक्के मिळतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ४० हजारांवर वर्षाचे २,८०० रुपये तुम्ही सोडणार. मुदतीआधी मोडली तर ठेव जितके दिवस राहिली तेवढ्याच मुदतीचा दर मिळतो, आणि बऱ्याच बँका त्यातूनही अर्धा-एक टक्का कापतात. शिवाय घरात अडीअडचणीला दुसरी पुंजी नाही, असं तुम्हीच कळवलंय. मला ही ठेव मोडलेली बघवणार नाही.

ही एफडी बँकेत आहे की पतसंस्थेत, तेही एकदा पाहून घ्या. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगायला हवी. मोकळ्या झालेल्या पाऊण तासाला १२० रुपयांची किंमत येते ती हातात ब्लाउज असेल तरच. आषाढात, पितृपक्षात, पौषात काम थंडावतं, तेव्हा तो वेळ नुसताच जाईल आणि तिला दिलेले ५० खरोखर खिशातून जातील. म्हणून सगळ्या साड्या द्या किंवा एकही देऊ नका, असं मी सांगणार नाही. एका ब्लाउजला दोन तास लागतात, तीन साड्या दिल्या की सव्वादोन तास सुटतात. एखादा ब्लाउज परत पाठवायची वेळ आली की तीन साड्या तिच्याकडे पाठवा. १५० रुपये जातील, ३२० येतील. त्यासोबत हुक आणि हेमिंगही तिच्याकडे देऊन बघा.

मंदीतही आठवड्याला दोन-चार साड्या तिच्याकडे जाऊ द्या. त्यात थोडं नुकसान होईल, पण एरवी लगीनसराईत ती दुसऱ्या कुणाकडे बसलेली असेल. तिचे ५० रुपये घासाघीस करून ४० वर आणू नका, तासाभराच्या हातशिलाईचे ते पैसे आहेत. पहिल्या दहा साड्या स्वतः उलटसुलट करून तपासा. टाके कुठे दिसतात ते तिला शेजारी बसवून दाखवा. आणि तुळशीचं लग्न झालं की परत पाठवलेल्या ब्लाउजांचा आकडा रोज वहीत लिहायला घ्या. महिनाभराने तो मला कळवा, मग कटिंगसाठी मोठं टेबल घ्यायचं का, ते बघू.