चियांग माईत कुकिंग क्लास करावा का?

थायलंडला चाललोय, चियांग माईत तीन दिवस आहेत, तर तिथले कुकिंग क्लास खरंच काही शिकवतात का नुसता टूरिस्टांचा टाइमपास असतो, असं विचारलंय तुम्ही. करा की, फक्त बुक करायच्या आधी मेन्यू नीट वाचा.

मी दोन केले. पहिल्यात पॅड थाई, ग्रीन करी, टॉम यम. चवीला झकास, पण हे काही तिथलं, म्हणजे उत्तर थायलंडचं खाणं नव्हे, बँकॉकमध्येही हेच शिकवतात. त्यात सगळं आधीच चिरून वाट्यांमध्ये मांडलेलं, करी पेस्टसुद्धा तयार, आपण फक्त कढईत ओतायचं, ढवळायचं आणि फोटो काढायचे!

दुसऱ्या वेळी शहाणपण आलं. आधीच विचारलं की खाओ सोय (नारळाच्या दुधाच्या करीतले नूडल्स) आणि नाम प्रिक नुम (हिरव्या मिरचीचा ठेचा) हे तिथले पदार्थ शिकवणार का, आणि पेस्ट आम्हीच कुटायची ना. तो क्लास भारी झाला. दगडी खलबत्त्यात आधी सुक्या मिरच्या आणि मीठ, मग गवती चहा (पातं नाही हां, खालचा पांढरा दांडा) आणि गलांगल (आल्यासारखा कंद), त्यानंतर लसूण आणि छोटे कांदे, सगळ्यात शेवटी कोळंबीची पेस्ट. मी घाईत लसूण आधी टाकला, मग मिरची नुसती खलात इकडून तिकडे घसरत बसली, कुटलीच जाईना, शिकवणाऱ्या बाईंनी काही न बोलता सगळं काढून परत मिरचीपासून सुरू करायला लावलं. दुसऱ्या दिवशी हात उचलत नव्हता. नाम प्रिक नुम म्हणजे हिरव्या मिरच्या, लसूण, कांदे निखाऱ्यावर भाजून, सोलून ठेचायचे आणि चिकट भाताचा गोळा हातानेच त्यात बुडवून खायचा. नाश्ता न करता जा, तिसऱ्या पदार्थाला पोट फुल होतं.

व्हेज असाल तर नुसतं व्हेज सांगून भागत नाही, कारण मटण-चिकन काढलं तरी फिश सॉस पडतोच. ‘जे’ हा थाई शब्द वापरा, त्यात मासे-अंडी काहीच नसतं, पण लसूण-कांदापण जातो. लसूण हवा असेल तर सरळ सांगा, नाम प्ला नको, कापी नको. नाम प्ला म्हणजे फिश सॉस आणि कापी म्हणजे ती कोळंबीची पेस्ट. आणि हे बुकिंग करतानाच कळवा, क्लासमध्ये पोचेपर्यंत पेस्ट कालवून झालेली असू शकते.