फॉर्मवर सगळीकडे ‘नो’ लिहा म्हणणारा नको

प्रश्न : ताई नमस्कार, मी विश्रामबाग, सांगलीची. लेक-जावई न्यूजर्सीला असतात, डिसेंबरात ते आम्हा दोघांना आणि नातवाला घेऊन कोझुमेलला जाणारेत, कॅरिबियनमधलं मेक्सिकोचं बेट. तिथे स्कूबा करायचं ठरतंय. जावयांकडे डायव्हिंगचं (कोर्स केल्याचं) कार्ड आहे, बाकी आम्ही सगळे नवखे. यांचं वय ६१, बीपीची गोळी चालू आहे, पण लहानपणापासून कृष्णेत पोहलेत त्यामुळे ‘मला काय शिकवणार ते’ असं चाललंय. मला पोहता येत नाही. नातू ९ वर्षांचा. जावयांनी नेटवर स्कूबाला नेणारी तीन दुकानं काढलीत, तिन्हींना पावणेपाच स्टार, एक स्वस्त, दोन महाग. कुठलं घ्यावं?

उत्तर : काकू, आधी ते स्टार बाजूला ठेवा. लोक बोटीतून उतरल्या उतरल्या स्टार देतात, पाणी निळं होतं, कासव दिसलं, गाईड हसतमुख, घ्या पाच. समुद्र शांत असला की सगळेच ऑपरेटर चांगले असतात हो. रिव्ह्यू वाचायचेच तर तीन स्टारवाले वाचा, आणि त्यातही हवा बिघडल्यावर काय केलं, पैसे परत दिले का, एवढंच बघा. डिसेंबरात तिकडे उत्तरेचा वारा सुटतो, ‘नोर्ते’ म्हणतात त्याला, आणि तो जोरात असला की बंदरच बंद करतात, कुणाचीच बोट जात नाही. त्या दिवशीच्या पैशाचं काय हे बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या.

आता माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी एका बेटावर (नाव नको, दुकानाचंही नको) मी अशीच स्टार बघून गेले. काउंटरवरच्या पोरानं मेडिकल फॉर्म पुढे टाकला, आणि मी चष्मा काढून वाचेपर्यंत त्यानं पेनचं टोक वरून खालपर्यंत असं फिरवलं, ‘नो, नो, नो, ऑल नो, साईन हिअर.’ मला चांगली सर्दी होती, नाक बंद, सकाळी एक गोळी घेऊन आलेली. फॉर्मवर सर्दीचं विचारलेलं होतं की नाही मला आजतागायत माहीत नाही, कारण मी वाचलाच नाही! खाली उतरायला लागले तर तीन-चार मीटरवरच कपाळात सुई घातल्यासारखं झालं, कान मोकळे होईनात, गाईड पुढे निघून गेलेला, त्याच्यामागे आम्ही आठ जण. वर आले, मास्क काढला तर आत रक्त. सायनसवर दाब आला की होतं असं, जिवावरचं नव्हतं, पण बोटीवरच्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. गाईडला मी वर आल्याचं डाईव्ह संपल्यावर कळलं.

तेव्हापासून माझी एकच परीक्षा. दुकान तुम्हाला किती प्रश्न विचारतं ते बघायचं. ईमेल केल्यावर पहिलं उत्तर ‘क्रेडिट कार्ड नंबर पाठवा’ असं आलं की तो कटाप. ‘वय काय, औषधं कुठली, पोहता येतं का, कार्डवाल्यांनी शेवटचा डाईव्ह कधी केला’ असं विचारत बसणारा कंटाळवाणा वाटेल, पण तो घ्या. म्हणजे जावयांनाही ‘चार वर्षांत केला नाही’ म्हटल्यावर आधी रिफ्रेशर (उजळणी) करा म्हणाला तर रागावू नका, खूश व्हा.

काकांचं बीपी. फॉर्मवर ४५ च्या वर वय आहे का असा प्रश्न असतो, हो म्हटलं की पुढचा चौकोन, त्यात बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट, जवळच्या नात्यात कमी वयात कुणी हार्टनं गेलंय का, वगैरे. यातलं एक जरी ‘हो’ आलं तरी डॉक्टरची सही लागते. ती सही बेटावर शोधत बसू नका. फॉर्म नेटवर मिळतो, प्रिंट काढा आणि तुमच्या सांगलीतल्याच डॉक्टरांकडे जा, जे काकांना दहा वर्षं ओळखतात. ते नको म्हणाले तर नको, काका काठावर बसून मासे खातील. आणि खोटं ‘नो’ लिहायला सांगणारं दुकान असेल तर काकांचं बीपी नॉर्मल असलं तरी तिथे जाऊ नका.

आता कृष्णेतलं पोहणं. मी साताऱ्याची, पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली, त्यामुळे काकांचा अभिमान मला पूर्ण कळतो. पण गंमत अशी आहे की घाटावर जे कौतुकाचं असतं, दम धरून बुडी मारायची आणि लांब कुठेतरी डोकं काढायचं, तेच स्कूबात सगळ्यात धोक्याचं. बुडी मारताना आपण वरची हवा छातीत घेऊन जातो, खाली ती दबते, वर येताना परत तेवढीच होते, काही बिघडत नाही. स्कूबात मात्र तुम्ही खालीच हवा घेता. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, तिथे भरून घेतलेला श्वास तसाच धरून वर आलात तर ती हवा दुप्पट व्हायला बघते, फुप्फुसात जागा कुठाय? म्हणून पहिला नियम, श्वास कधीही धरायचा नाही, घेत-सोडत राहायचं. पट्टीच्या पोहणाऱ्याला घाबरल्यावर दम धरायची सवयच असते, हे काकांनी इन्स्ट्रक्टरला आधी सांगावं. ‘मला येतं’ म्हणू नये.

नवख्यांचा जो प्रकार असतो त्यात १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि सोबत इन्स्ट्रक्टर लागतो, नुसता डाईव्हमास्टर, म्हणजे कार्डवाल्यांना फिरवणारा गाईड, चालत नाही. एका इन्स्ट्रक्टरमागे चार जण ही झाली वरची मर्यादा, तुम्ही दोघंच मागा, पैसे जास्त पडले तरी. आणि हा प्रश्न नक्की विचारा, ‘आमचे जावई आमच्याच गाईडबरोबर येतील का?’ उत्साहात ‘हो हो, सगळे एकत्र’ म्हणाला तर सोडा त्याला, कारण कार्डवाला आणि नवखा एकाच्या मागे पाठवणं म्हणजे दोघांपैकी एकाकडे दुर्लक्ष.

कोझुमेलमधे प्रवाह असतो हे लक्षात ठेवा. पालांकार, सांता रोसा ही तिथली नावाजलेली ठिकाणं, तिथे माणूस पोहत नाही, वाहत जातो, आणि बोट वरून बुडबुडे बघत मागे येते. म्हणजे खालच्या गाईडइतकाच वरचा नावाडी महत्त्वाचा. मोठ्या बोटीत वीस-पंचवीस जण, लहान बोटीत सहा-आठ. मी लहान घेईन. पाण्यातून वर आल्यावर मोजणी कशी करतात विचारा, नावं पुकारतात की नुसती डोकी मोजतात. १९९८ साली ऑस्ट्रेलियात एक बोट मोजणी चुकून दोन जणांना समुद्रातच ठेवून परत आली, ते सापडलेच नाहीत. पंढरपूरहून निघताना आपला यात्रेचा बसवालासुद्धा तीनदा मोजतो.

तिथे गेल्यावर करायच्या दोन गोष्टी, दोन मिनिटांच्या. नळी तोंडात धरून टाकीतल्या हवेच्या काट्याकडे बघत तीन-चार श्वास घ्या. श्वासाबरोबर काटा खाली-वर नाचला तर टाकीची चावी पूर्ण उघडलेली नाही. आणि हवेला डिझेलचा, तेलाचा वास आला तर दुसरी टाकी मागा, लाजू नका. बोटीवर ऑक्सिजनची पेटी कुठाय तेही विचारा, हात दाखवायला वेळ लागला की समजून जायचं.

नातवाला समुद्रात नाही, १० वर्षं पूर्ण लागतात. ८ पासून पुढच्या मुलांसाठी स्विमिंग पूलमधे २ मीटरपर्यंतचा प्रकार असतो, तो करू द्या. तुम्हाला पोहता येत नाही तर तुम्हीही त्याच्याबरोबर आधी पूलमधेच उतरा ना, तिथे मजा आली तर पुढचं बघू. नऊ वर्षांच्या पोराला ‘चालतंय की, घेऊन या’ म्हणणारं दुकान स्वस्त असो की महाग, बाद.

प्रश्न : मी शाहूपुरी, साताऱ्याचा, वय २६. मालवणला दोनदा स्कूबा केलंय, व्हिडिओ पण आहे. कंपनी मला बार्बाडोसला पाठवतेय, तिथे डायरेक्ट १८ मीटरवाला डाईव्ह मिळेल का?

उत्तर : नाही मिळणार, आणि मिळाला तर तू पळ. मालवणात आपल्याला एक जण मानेपाशी धरून पाच-सात मीटर नेतो, ब्रेडचे तुकडे टाकून मासे जमवतो, व्हिडिओत आपण अंगठा दाखवतो (खरं तर पाण्यात अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय’, ठीक आहे म्हणायला अंगठा आणि बोटाचा गोल करतात, पण असो). छान असतं ते, मीही केलंय, पण त्यात तू काहीच चालवलं नाहीस, गाडीत मागच्या सीटवर बसून गेल्यासारखं. १८ मीटरसाठी ओपन वॉटर कोर्स लागतो, त्यात २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं येतंच, आणि समुद्रात चार डाईव्ह. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, तिथे चौकशी कर. सुट्टी कमी असेल तर थिअरी आणि पूलचं इथे उरकून समुद्रातले चार डाईव्ह तिथे करता येतात, रेफरल म्हणतात त्याला, फक्त बार्बाडोसचं दुकान ते घेतं का हे आधी विचार आणि कागद १२ महिन्यांच्या आत वापर. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मागून ठेव, नाहीतर हजारो किलोमीटर जाऊन धूसर मासे बघशील.

प्रश्न : मिरजेहून. आम्ही ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय, तो स्कूबाला चालतो ना? आणि शेवटच्या दिवशी सकाळी डाईव्ह करून दुपारचं विमान धरलं तर?

उत्तर : पॉलिसीतलं बारीक अक्षरातलं पान काढा, बऱ्याच पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात, किंवा एका ठराविक खोलीपर्यंतच चालतात. नसेल तर डायव्हिंगचा वेगळा विमा मिळतो, डॅन नावाची संस्था आहे, १९८० पासूनची, बरेच डायव्हर तोच काढतात. विमानाचं मात्र अजिबात करू नका. एकच डाईव्ह असेल तर १२ तास, एकाहून जास्त किंवा रोज करत असाल तर निदान १८ तास जमिनीवर थांबायचं. आणि असं बुकिंग ‘नो प्रॉब्लेम’ म्हणून घेणारा ऑपरेटर भेटला तर वरचं काकूंचं उत्तर वाचा. शेवटचा अख्खा दिवस बाजारहाट, झोप आणि उरलेलं भडंग संपवायला ठेवा.