दारूत मिथेन की मिथेनॉल?

विचारणा अशी आहे: विषारी दारूच्या एका बातमीत 'दारूत मिथेन मिसळले होते' असे छापून आले. मिथेन तर गोबर गॅसमध्ये असतो, तो दारूत कुठून आला? आणि मिथेन, मिथेनॉल, मिथिल ही सगळी एकाचीच नावे का?

नाही. बातमीत 'ऑल' गळले आहे आणि त्याबरोबर अर्थही. मिथेन हा वायू. एका कार्बनला चार हायड्रोजन. नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे 161 अंश सेल्सिअसच्या खाली नेल्याशिवाय तो पातळ होत नाही, पाण्यात जेमतेम विरघळतो. दारूत सोडला तरी बुडबुडे होऊन उडून जाईल. गोबर गॅसचा निम्म्याहून जास्त भाग तोच, सीएनजीही बहुतांशी तोच. (घरच्या सिलिंडरमध्ये मात्र प्रोपेन-ब्युटेन असते.)

मिथेनच्या चारांपैकी एका हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसली की मिथेनॉल. हे द्रव आहे, पाण्यासारखे नितळ, साधारण 65 अंशांना उकळणारे. वासाचवीला पिण्याच्या दारूतल्या इथेनॉलच्या इतके जवळ की पिणाऱ्याला पत्ता लागत नाही. यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, आणि त्याचा घाव डोळ्यांच्या नसेवर बसतो. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली ती यानेच. उतारा म्हणून डॉक्टर कधीकधी इथेनॉलच देतात. यकृत ते आधी हाती घेते आणि मिथेनॉलचे विष होणे लांबते.

मिथिल हा वेगळा पदार्थच नव्हे. मिथेनमधला एक हायड्रोजन काढल्यावर उरणारा तुकडा तो. दुसऱ्या कशाला तरी जोडलेलाच सापडतो. भोपाळला 1984 मध्ये गळले ते मिथिल आयसोसायनेट. नुसते 'मिथिल गळले' म्हणणे म्हणजे आडनाव न सांगता 'कुमार आला होता' म्हणण्यासारखे.

घोटाळ्याला थोडे निमित्त आहे, कारण हे नाव मुळात दारूकडूनच आले. लाकूड बंद भांड्यात तापवून काढलेल्या अर्काचा अभ्यास करताना द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी 1834 मध्ये 'मेथू' (मद्य) आणि 'हूले' (लाकूड) या ग्रीक शब्दांवरून 'मेथिलीन' घडवले. वायूला ते नाव नंतर चिकटले. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने 1776 मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या गाळातून तो गोळा केला तेव्हा तो नुसता दलदलीचा वायू होता. 'मिथेन' हे रूप जर्मन रसायनतज्ज्ञ हॉफमनने 1866 मध्ये सुचवले. हा ग्रीक 'मेथू' आणि आपला 'मधु' एकाच मुळाचे. मेथीच्या भाजीचा संबंध शून्य, आणि बाममधले मेंथॉल पुदिन्याच्या घरचे.

बाटलीवर 'मिथिल अल्कोहोल' लिहिलेले दिसले तर ते मिथेनॉलच समजा; तिथे मात्र दोन नावे, एकच विष.