वाचक विचारतात : केनियात तुम्ही नेमकं करायचात काय?

मी नाशिकच्या शरणपूर रोडची, गणिताची शिक्षिका. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, मला दोन वर्षांसाठी मिशनरी म्हणून केनियाला पाठवलं होतं, मोंबासाच्या मागे डोंगरात असलेल्या एका गावी, रबाईच्या बाजूला. मागच्या अंकात त्यावर चार परिच्छेद लिहिले आणि संपादकांनी परवा पत्रांचा गठ्ठाच हातात ठेवला. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापलेली नाहीत, कारण दोघा-तिघांनी तशी विनंती केली होती.

ताई, मिशनरी म्हटलं की मला लांब दाढीचे गोरे पाद्रीच आठवतात. तुमचा रोजचा दिवस कसा जायचा? प्रवचन किती वेळ द्यावं लागायचं?
— टी.वाय.ची विद्यार्थिनी, गंगापूर रोड

प्रवचन मी दिलंच नाही गं. माझा दिवस पाण्यापासून सुरू व्हायचा. अंगणातल्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे पहाटे साडेपाचला पिवळे वीस लिटरचे कॅन घेऊन रांगेत. बाकीच्या बाया भरलेला कॅन डोक्यावर ठेवून हात सोडून गप्पा मारत जायच्या. मी अर्धा भरलेला कॅन दोन्ही हातांनी ओढायची. शेजारची शाळकरी पोर मागून यायची, न बोलता तो माझ्या हातातून घ्यायची आणि माझ्या दारात ठेवून पळायची.

माझ्या खोलीत युगांडाची एक नर्स होती. मंडळीने आम्हा दोघींना जोडीने ठेवलं होतं, एकटीने कुठे जायचं नाही हा नियम. सकाळची प्रार्थना इंग्रजीत, कारण तिला मराठी येत नाही आणि माझी स्वाहिली तेव्हा बाजारापुरतीच. मग नाश्ता. किनाऱ्यावरचा नाश्ता काय असतो ठाऊक आहे? तूर! नारळाच्या दुधात शिजवलेली अख्खी तूर आणि सोबत वेलची घातलेले फुगलेले मामरी, म्हणजे तळलेले पाव म्हण. पहिल्या सकाळी ती वाटी समोर आली तेव्हा मी आईला फोटो पाठवला. आईचं उत्तर आलं, ‘फोडणी कुठे आहे?’

शाळेत पाचवी-सहावीचं गणित. दहाच्या सुमारास मुलांना पातळ पेज मिळते, तिला उजी म्हणतात. बरीच मुलं त्या पेजेवरच दुपारपर्यंत असतात, म्हणून अपूर्णांक नेहमी पेजेनंतरच्या तासाला घ्यायचे, आधी नाही. घड्याळाचं मात्र लक्षात ठेव. तिथे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर सहा-साडेसहालाच उजाडतं, त्यामुळे हिशेब कधी चुकत नाही. कोणी स्वाहिलीत ‘तीन वाजता ये’ म्हणालं तर सकाळी नऊला जायचं. शाळेचं वेळापत्रक मात्र इंग्रजी घड्याळाचं. दोन्ही घड्याळं डोक्यात चालू ठेवावी लागतात.

दुपारनंतर नर्सबरोबर घरभेटी. नवीन बाळंतिणी, म्हातारी माणसं, क्षयाच्या गोळ्या चालू असलेले. ती तपासायची, मी वही धरायची. घरात खुर्ची एकच असायची, ती मला. घरची बाई जमिनीवर, आजारी माणूस चटईवर आणि मी, धडधाकट, खुर्चीत. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटायचं. मग चहा. चहा झाल्याशिवाय उठता येत नाही आणि चुलीवरचा चहा घाईत होत नाही, म्हणून एका दुपारी दोन घरांच्या वर जमायचं नाही.

तू प्रवचनाचं विचारलंस म्हणून सांगते. लोक म्हणतात, अमुक ठिकाणी सेवा करायला गेली. पहिले कित्येक महिने सेवा माझीच चालली होती. पाणी कोणीतरी आणून द्यायचं, अंधार पडला की कोणीतरी सोडायला यायचं, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, उगाली, हाताने कशी वळायची ते कोणीतरी शिकवायचं. मलेरिया झाला तेव्हा दवाखान्यातून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या, पण त्या वेळेवर पोटात गेल्या त्या शेजारणीमुळे. ती रात्री उठून दार वाजवायची. मिशनरीच्या अहवालात हे येत नाही, कारण अहवालाच्या फॉर्मवर ‘तुम्ही काय दिलंत’ एवढाच रकाना असतो.

रविवारचं एक राहिलं. उपासना तीन तास चालते आणि दानात पैशांबरोबर नारळ, अंडी, कोंबडी येते. उपासना संपली की देवळाबाहेर त्यांचा लिलाव. आपल्याकडे पहिल्या फळांच्या सणाला होतो तसाच, पण जवळजवळ दर आठवड्याला. बोली लावायला पुढे अर्थातच वडीलधारे अण्णाच, आपल्याकडे असतात तसे तिथेही.

माझा मुलगा पुढच्या वर्षी सेवेसाठी आफ्रिकेत जाणार आहे. काय काय बांधून देऊ? रोज फोन करता येतो का?
— एक आई, संगमनेर

मावशी, आधी पिवळ्या तापाची लस. ती अधिकृत केंद्रातच मिळते आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ नको, कारण प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. हे कार्ड जाताना लागेल न लागेल, पण केनियासारख्या देशातून भारतात परतताना लागतंच. नसलं तर विमानतळावरून थेट विलगीकरणात. स्वतःचा मुलगा मुंबईत उतरलाय आणि भेटता येत नाही, असं नको व्हायला.

दुसरं, तो केनियात जाणार असेल तर चिवडा, लोणचं, मेतकूट प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांत बांधू नका. २०१७ पासून तिथे त्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या शिवून द्या. मेतकूट जास्त द्या, लोणचं कमी. आंबा आणि मिरची तिथे मुबलक आहे, मेतकूट कुठेच मिळत नाही. चांगली मच्छरदाणी तिथेच मिळते, इथून नेऊ नका.

फोनचं जरा कडू सांगते. रोज करू नका. नेटवर्कमुळे नव्हे, नेटवर्क उत्तम आहे, आणि घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासच मागे आहे. पण रोज रात्री घरी बोलणारा मुलगा संध्याकाळी अंगणात बसत नाही, आणि भाषा व माणसं दोन्ही अंगणातच भेटतात. मोंबासात मला ‘लॅटर-डे सेंट्स’ मंडळीचे दोन तरुण मिशनरी भेटायचे. पांढरा शर्ट, छातीवर नावाची काळी पट्टी, कायम दोघं बरोबर. त्यांच्यात पूर्वी वर्षातून दोनदाच घरी फोन करायची परवानगी असे, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून आठवड्यातून एकदा बोलता येतं. वर्षातून दोनदा हे मला क्रूर वाटतं. आठवड्यातून एकदा मात्र बरोबर वाटतं. आम्ही रविवार ठरवला होता, आणि आईने तो पाळला. बाबांनी नाही, ते मधेच ‘चुकून लागला’ म्हणायचे.

किती जणांना बाटवलंत, तेवढं खरं सांगा.
— एक वाचक, पंचवटी

सरळ विचारलंत, काका, तेही बरंच. एकालाही नाही, आणि त्याचं कारण माझा साधेपणा नव्हे. मी जिथे होते तिथे योहान क्राफ नावाचा जर्मन मिशनरी १८४४ मध्ये पोहोचला, दोन वर्षांनी त्याचा सहकारी रेबमान आला आणि दोघांनी रबाईत ठाणं मांडलं. म्हणजे तिथली मंडळी आपल्या शरणपूरपेक्षा जुनी. त्यांना येशू कोण हे सांगायला शरणपूर रोडवरून कोणी जायची गरज नव्हती. त्यांना गणिताला बाई हवी होती. शिवाय बाप्तिस्मा द्यायचा अधिकार पाळकांचा, मी साधी सभासद.

पण अर्धंच उत्तर देऊन सुटका करून घेत नाही. माझा विश्वास मी लपवला नव्हता, तो नसता तर मी गेलेच नसते. शेजारी मुसलमान होते, ईदेला त्यांच्याकडून पुलाव यायचा, आणि ‘तू नमाज का पढत नाहीस’ असं त्यांची आजी मला तितक्याच सरळ विचारायची. मी सांगायचे, ती ऐकायची, मग ती सांगायची. माझ्या जोडीदार नर्सने मात्र एक गोष्ट कधीच केली नाही. घरभेटीच्या पिशवीत तिने पत्रकं ठेवली नाहीत. कोणी द्यायला सांगितलं तर म्हणायची, ज्याला ताप आहे तो नाही म्हणू शकत नाही. ज्या मिशनने औषधाच्या पुडीबरोबर धर्म दिला, तिच्याबद्दल तुमचा राग असेल तर तो मला समजतो. तो थोडा माझाही आहे.

नाशिकहून आफ्रिकेत पूर्वीही लोक गेले होते असं माझे वडील सांगत. खरं आहे का?
— निवृत्त पोस्टमास्तर, जेल रोड

आजोबा, खरं आहे. सगळ्यात जास्त जागा तुमच्या पत्राला देते.

शरणपूर ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवली. त्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पळवून अरबी गलबतांतून विकायला नेत. ब्रिटिश जहाजं ती गलबतं पकडत आणि सुटलेल्यांना मुंबईला उतरवत. त्यांतली कितीतरी मुलं-मुली शरणपूरच्या आश्रमात आली. आपल्या गोदेच्या काठी ती लिहायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६६ मध्ये प्रसिद्ध स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत निघाला तेव्हा त्याने इथल्या शाळेतली नऊ मुलं बरोबर नेली. पुढे १८७२ मध्ये आणखी काही गेली, त्यांत जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं हृदय तिथल्याच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या खोडावर मजकूर कोरला तोही त्यानेच. मग त्यांनी तो देह वाळवून, गुंडाळून, महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीशी चालणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकच्या शाळेचा जेकब होता.

त्याच वर्षी शरणपूरचे जुने पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांना सोसायटीने मोंबासाला धाडलं. सुटका झालेल्या गुलामांसाठी त्यांनी तिथे खाडीपलीकडे फ्रेअरटाउन वसवलं. नाव कोणाचं, तर मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं. तिथे शिकवायला, बांधायला, भाषा सांभाळायला माणसं कुठली? बरीचशी नाशिकची. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्यांतलेच विल्यम जोन्स रबाईत मंडळीचं काम बघत, आणि पळून आलेल्या गुलामांना तिथे आसरा मिळे, मालक दारात येऊन ओरडले तरी. फ्रेअरटाउनची घंटा अजून रस्त्याच्या कडेला उभी आहे, त्या भागालाच केंगेलेनी, म्हणजे ‘घंटेपाशी’, म्हणतात. तिच्याभोवती मटाटू नावाच्या प्रवासी गाड्यांचे कंडक्टर दिवसभर गिऱ्हाइकं ओरडत असतात.

पहिल्या रविवारी तिथल्या पाळकांनी ‘ही नाशिकची’ अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी मान हलवली. ज्यांना नाशिक म्हणजे द्राक्षं हेही ठाऊक नाही, त्यांना नाशिक म्हणजे आपल्या मंडळीचे जुने मास्तर हे ठाऊक होतं. आपण इथे मिशनरी म्हणजे पश्चिमेकडून आलेले असं धरून चालतो. आधी गुलाम केलेली, मग इथे वाढलेली ती पोरं परत गेली, तेव्हा त्यांना ना दोन वर्षांची मुदत होती, ना परतीचं तिकीट. शरणपूरमध्ये त्यांच्या नावाची एखादी पाटी तरी असावी असं मला वाटतं. तुम्ही पोस्टात होतात, अर्ज कुठे करायचा ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळेल.

पैसे कोण देतं?
— सिन्नर, नाशिक रोड, मनमाड अशा बऱ्याच जणांचा प्रश्न

पगार नसतो, भत्ता असतो. आमच्या मंडळीतल्या घरांनी दरमहा ठरवून दिलेले पैसे आणि खोली तिथल्या मंडळीची. धार्मिक व सेवाभावी कामासाठी केनियात वेगळं ‘क्लास आय’ परमिट असतं. त्यावर बाहेर नोकरी करता येत नाही. व्यवहार सगळा फोनवरून, एम-पेसाने. ही सोय तिथे २००७ पासून आहे. आपल्याकडे भाजीवाल्याकडे क्यूआर कोड लागायच्या कितीतरी आधी तिथली भाजीवाली फोनवर पैसे घेत होती.

परत आल्यावर काय जड गेलं? आणि लग्नाचं काय?
— एक मैत्रीण, देवळाली कॅम्प

साक्ष देणं, म्हणजे मंडळीसमोर उभं राहून अनुभव सांगणं, जड गेलं. परतलेल्या मिशनरीकडून मंडळीला सिंह हवा असतो, नाहीतर चमत्कार. मी तुरीचं आणि पाण्याच्या रांगेचं सांगते, लोक विनम्रपणे ऐकतात आणि शेवटी कोणीतरी विचारतंच, ‘पण सिंह दिसला का?’ नाही दिसला. माकडं दिसली, त्यांनी मेतकुटाची पिशवी नेली.

नोकरीच्या मुलाखतीत ‘मधली दोन वर्षं रिकामी का’ असं विचारलं गेलं. तिथे मी सहावीच्या पन्नास-पन्नास मुलांना अपूर्णांक शिकवले असं सांगितल्यावर लगेच नोकरी मिळाली, त्यामुळे तक्रार नाही. लग्नाचं म्हणशील तर बायोडाटा आईकडे आहे. केनियाची दोन वर्षं ‘अनुभव’ या रकान्यात लिहायची की ‘धार्मिक पार्श्वभूमी’त, यावर आई आणि बाबांचं अजून एकमत झालेलं नाही. मधल्या काळात मावशीने परस्पर ‘फॉरेन रिटर्न’ असं लिहून तो दोन घरी पाठवला आहे.